ना टाकाऊ, ना टिकाऊ
बाहुलीच्या फर्निचरच्या कृतींविषयी थोडे परखड

गेल्या वर्षी एका शाळेच्या विज्ञान व हस्तकला प्रदर्शनात आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. एका लांब टेबलावर बाहुल्यांच्या घराचे फर्निचर मांडले होते : सोफे, पलंग, कपाटे, जेवणाची टेबले. सारे हार्डवेअरच्या दुकानातल्या स्वस्त वस्तूंपासून बनवलेले. बीडिंग पट्टीचे पाय, प्लायच्या तुकड्यांची बैठक, कपाटाच्या मुठी म्हणून नट, दिव्याची बैठक म्हणून वायसर. आम्ही चकचकीत रंग दिलेल्या एका सोफासेटला पहिला क्रमांक दिला. रांगेच्या टोकाला सातवीतल्या एका मुलीची खुर्ची होती. रंग नाही, पाय किंचित तिरके, आणि मागच्या दोन पायांमध्ये एक आडवीतिडवी पट्टी ठोकलेली. ती म्हणाली, "सर, हिच्यावर वरवंटा ठेवला तरी मोडत नाही. ठेवून दाखवू?" आम्ही घाईत होतो. "छान, छान" म्हणून पुढे गेलो आणि सफाईच्या रकान्यात तिला दहापैकी चार गुण दिले.

चूक आमची होती, हे घरी आल्यावर लक्षात आले. पण ती आमच्या एकट्याची नव्हती. ज्या लेखी कृतींवरून मुले हे फर्निचर करतात, त्या कृतींनीच आम्हाला चुकीच्या ठिकाणी पाहायला शिकवले होते. म्हणून या कृतींचीच परीक्षा घ्यावी असे वाटते.

प्रथम त्यांचे जे चांगले आहे ते मान्य करू. मूल हार्डवेअरच्या दुकानात जाते, चुका, स्क्रू, पॉलिश पेपर, बायंडिंग वायर ही नावे शिकते. मिलिमीटर मोजते, करवत धरते. हातांना काम मिळते. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या तयार खेळण्यापेक्षा हे शतपटीने बरे. तरीही या कृती हस्तव्यवसायाच्या पुस्तकांत 'टाकाऊतून टिकाऊ' या मथळ्याखाली येतात, आणि आमची तक्रार तिथूनच सुरू होते. साहित्य दुकानातून नवे आणायचे, म्हणजे ते टाकाऊ नाही. आणि वस्तू टिकाऊ आहे की नाही, हे तपासण्याची एक ओळही कृतीत नसते.

पहिली उणीव प्रमाणाची. बाहुलीघरांसाठी जगभर रूढ असलेले एक प्रमाण १:१२ हे आहे. खऱ्या घरातला एक फूट म्हणजे बाहुलीघरातला एक इंच. खुर्चीची बैठक जमिनीपासून ४५ सें.मी. उंच असेल, तर बाहुलीची पावणेचार सें.मी. हवी. पायाची जाडी ४ सें.मी. असेल, तर ती ३.३ मि.मी. हवी. आमच्या पाहण्यातल्या कृती मात्र सरसकट ६ मि.मी.ची पट्टी आणि १२ मि.मी.चे प्लाय घ्यायला सांगतात. बारा पट करून पाहा : खुर्चीचा पाय ७.२ सें.मी. जाड आणि बैठकीची फळी १४.४ सें.मी. जाड! अशी खुर्ची कोणत्या घरात असते? गुणोत्तर व प्रमाण हा पाठ मुलांच्या गणितात असतोच. तो इथे आपोआप हाती येत होता, आणि कृतीने तो सोडून दिला.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. या कृतींत प्रत्येक सांधा चिकटवून होतो. पट्टीचे टोक फळीला लावा, फेव्हिकॉल भरा, रात्रभर ठेवा. सकाळी खुर्ची उभी! मुलाला वाटते, खुर्ची अशीच होते. पण खरी खुर्ची अशी केली, तर बसणारा पहिल्याच आठवड्यात जमिनीवर येईल. सुतार एका लाकडात खाच पाडतो, दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात घट्ट बसणारे कुसू काढतो, पायांना आडव्या पट्ट्या देतो, बैठकीखाली कोपऱ्यांत गुटके बसवतो. तो हे हौसेने करत नाही.

मग बाहुलीची खुर्ची या साऱ्यावाचून कशी उभी राहते? याचे उत्तर गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दोन नव्या विज्ञानांवरील संवादग्रंथात दिले आहे. वस्तूची लांबी, रुंदी, उंची बारा पट कमी केली, तर तिचे वजन १२ × १२ × १२, म्हणजे १७२८ पट कमी होते. पण पायाच्या छेदाचे किंवा चिकटवलेल्या सांध्याचे क्षेत्रफळ १२ × १२, म्हणजे फक्त १४४ पट कमी होते. ताकद क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळे लहान वस्तू आपल्या वजनाच्या मानाने बारा पट मजबूत ठरते. बाहुलीच्या खुर्चीत वाईटातला वाईट सांधाही उत्तीर्ण होतो. जी परीक्षा कोणीच नापास होत नाही, ती काही शिकवत नाही.

यावर उपाय सोपा आहे, आणि तो त्या मुलीला आमच्याआधी सुचला होता. खऱ्या खुर्चीवर ६० किलोचा माणूस बसतो असे धरू. त्याच प्रमाणातली बाहुली ६०,००० ÷ १७२८, म्हणजे सुमारे ३५ ग्रॅमची होईल. ती बसवून खुर्चीचे काहीच कळत नाही. पण खुर्चीच्या लाकडावर आणि सांध्यावर खऱ्या खुर्चीइतकाच ताण यावा असे वाटत असेल, तर वजन क्षेत्रफळाच्या हिशेबाने घ्यावे लागेल : ६०,००० ÷ १४४, म्हणजे सुमारे ४१७ ग्रॅम. अर्थात खुर्ची प्रमाणशीर हवी. किराणा दुकानातले अर्ध्या किलोचे वजन ठेवले की थोडी जास्तच कडक कसोटी होते. मग ते वजन तसेच ठेवून खुर्चीला बाजूने हलके ढकलावे. खुर्च्या बहुधा उभ्या भाराने मोडत नाहीत, त्या डुगडुगून मोडतात.

त्या तिरक्या पट्टीचे महत्त्व इथे कळते. चार पट्ट्यांच्या चौकोनाच्या बाजू तेवढ्याच ठेवून तो कलता करता येतो. बाजू ठरल्या तरी कोन ठरत नाहीत. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की कोनही ठरतात. भूमितीतली 'बाबाबा' कसोटी तीच. चौकोनात कर्ण ठोकला की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि डुगडुग थांबते. फळ्यावर मुले ही कसोटी पाठ म्हणतात. त्या मुलीने ती खिळ्याने ठोकली होती.

तिसरी उणीव द्रव्यांच्या गुणधर्मांची. लाकूड तंतूंच्या दिशेने मजबूत असते, आडवे कमकुवत. फळीतून पाय आडवा कापला तर तो बोटांनी मोडतो, उभा कापला तर मोडत नाही. ही तुलना दोन मिनिटांत होते. प्लायमध्ये एकाआड एक थरांचे तंतू काटकोनात का ठेवतात, हे मग सांगावे लागत नाही. पण कृतीत 'योग्य आकाराचा तुकडा कापा' एवढेच असते. वायसरही पांढऱ्या फेव्हिकॉलनेच चिकटवायला सांगतात. हा डिंक पाणी निघून गेल्यावर घट्ट होतो. लाकडाची सच्छिद्रता ते पाणी शोषून घेते आणि डिंकाला आत शिरू देते. लोखंडाला छिद्रे नाहीत, म्हणून वायसर गळून पडतो. मूल समजते, आपला हात वाईट. दोष कृतीचा असतो.

चांगली कृती कशी असते, याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. अरविंद गुप्ता यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाच्या निमित्ताने काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांची प्रतिकृतींची पद्धत रचली. तिथे चौकोन हातात लुळा पडतो, त्रिकोण पडत नाही. शिक्षकाने बोलण्याआधी वस्तूच बोलते. या पद्धतीलाही मर्यादा आहे : रबराचा सांधा आकार समजावतो, पण लाकूड, खिळा आणि डिंक यांची ताकद समजावत नाही. नेमकी ती जागा बाहुलीचे फर्निचर भरून काढू शकते. म्हणूनच ते वाया जाताना पाहून वाईट वाटते.

दुसरे टोकही पाहू. नवी दिल्लीचे वास्तुरचनाकार एडविन लट्यन्स यांनी रचलेले आणि १९२४ साली पूर्ण झालेले राणी मेरीचे बाहुलीघर १:१२ प्रमाणातच आहे. त्यात नळाला पाणी येते, विजेचे दिवे लागतात. तो राजेशाही खर्च आपल्याला नको. पण वस्तू नुसती दिसू नये, चालावी, हा आग्रह मात्र फुकट घेता येतो.

यावर काही शिक्षक म्हणतील, खेळाचे कशाला प्रयोगात रूपांतर करता? बाहुलीला बसता आले की झाले. हे अगदी खरे आहे. घरी भातुकली मांडणाऱ्या मुलीच्या खुर्चीवर कोणी वजन ठेवू नये. सुबक रंगकामही कमी मोलाचे नाही; चित्रकलेच्या टेबलावर त्याला पूर्ण गुण द्यावेत. पण जी वस्तू विज्ञानाच्या टेबलावर येते, तिला विज्ञानाचा प्रश्न विचारलाच पाहिजे. आणि तो विचारण्याची जबाबदारी मुलावर नाही, कृती लिहिणाऱ्यावर आणि गुण देणाऱ्यावर आहे.

आमची सूचना एवढीच. अशी कृती वर्गात घेताना तिच्याखाली तीन ओळी जोडाव्यात : प्रमाण किती? कोणत्या वजनाला मोडली? कुठे मोडली? मोडलेल्या खुर्चीलाही गुण असावेत, कारण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फक्त तीच देते.

त्या प्रदर्शनाचा निकाल तेव्हाच जाहीर झाला होता, तो बदलता आला नाही. आम्ही मुख्याध्यापकांना पत्र लिहून आमची चूक कळवली, आणि ते पत्र त्या मुलीला वाचायला द्यावे अशी विनंती केली. पुन्हा कुठे बोलावणे आले, तर खिशात अर्ध्या किलोचे वजन घेऊन जाणार आहोत.