समाजमाध्यमे आणि वकिलीची मर्यादा : छत्तिसाव्या नियमाचे परीक्षण

वकिलाने कामाची याचना करू नये व जाहिरात करू नये, असे भारतीय वकील परिषदेच्या आचारनियमांतील छत्तिसावा नियम सांगतो. परिपत्रके आणि दलाल तर त्याने वर्ज्य मानलेच. स्वतः चालवीत असलेल्या खटल्याच्या संदर्भात वृत्तपत्रांतून मजकूर वा छायाचित्र प्रसिद्ध करविणेही निषिद्ध ठरविले. दारावरील फलक बेताचा असावा व त्यावर अमुक कामातील नैपुण्याचा निर्देश नसावा, इतक्या बारकाव्यात तो शिरतो. २००८ साली त्यास परंतुक जोडून संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनदेचा तपशील, पात्रता आणि कामाची क्षेत्रे देण्याची मुभा देण्यात आली. परिणामी, शिवाजीनगर न्यायालयाजवळच्या कचेरीच्या फलकावर जे लिहिता येत नाही, जवळजवळ तेच त्या वकिलास संकेतस्थळावर सांगता येते. नियमकर्त्यांचे लक्ष साधनाकडे राहिले, कृतीकडे नाही, असेच म्हणावे लागते.

या नियमाचा गाभा दाभोळकर प्रकरणात पाहावयास मिळतो. मुंबईच्या फौजदारी न्यायालयांच्या आवारात काही वकील येणाऱ्या पक्षकारांना गाठून, प्रसंगी हिसकाहिसकी करून, कामे मिळवीत. विशिष्ट व्यक्तीकडे, विशिष्ट खटल्यासाठी याचना केल्यावाचून गैरवर्तन होत नाही, असा संकुचित अर्थ परिषदेच्या शिस्तपालन समितीने लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये तो अमान्य केला. समाजमाध्यमांच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा आहे. कारण तेथील आवाहन कोणा एकास उद्देशून नसते, आणि तो जुना अर्थ टिकला असता तर सारेच मोकळे सुटले असते.

तथापि घाबरलेल्या पक्षकारास न्यायालयाच्या दारात अडविणे आणि भाडेकरार कसा नोंदवावा हे चित्रफितीतून समजाविणे, यांना एकाच मापाने मोजणे युक्त नव्हे. गणेश वासुदेव जोशी यांचे नाव पुण्यात झाले ते सार्वजनिक सभेमुळे (१८७०) आणि १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र घेतल्यामुळे. वकिलाची कीर्ती लोककार्यातून वाढते, हे त्या पिढीस वावगे वाटले नाही. ज्याच्या घरात वकिलीची परंपरा नाही, अशा जुन्नर-इंदापूरकडून आलेल्या नवोदिताने लोकांसमोर यावे तरी कोणत्या वाटेने? संपूर्ण बंदीचा भार त्याच्यावर पडतो. प्रस्थापितांची कचेरी ओळखीवर चालतेच. (ओळखीची जाहिरात कोणत्याही नियमाने रोखलेली नाही.)

जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने संगणकीय मंचांवरील वकिलांच्या जाहिरातींविरुद्ध कारवाईचे निर्देश दिले, आणि मार्च २०२५ मध्ये वकील परिषदेने नटनट्या व समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींकरवी होणाऱ्या प्रसिद्धीस कडक मज्जाव केला. त्यात अनुचित काही नाही. परंतु अधिक घातक प्रकार वेगळाच आहे: निकाल लागताच न्यायालयाच्या पायऱ्यांवर अशिलासह काढलेले छायाचित्र, आणि सोबत आदेशाची प्रत. छायाचित्राचा निषेध नियमात पूर्वीपासून आहे, पण तो प्रतिष्ठेच्या भाषेत. खरा प्रश्न गोपनीयतेचा आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ नुसार अशिलाने विश्वासाने सांगितलेले त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. ते संरक्षण संभाषणापुरते. घटस्फोटाच्या दाव्यातील स्त्रीचा चेहरा त्यात बसतोच असे नाही. तिने संमती दिली असेल, असे उत्तर येते. मात्र अपील अद्याप व्हावयाचे असताना आपल्याच वकिलास नकार देणे तिला कितपत शक्य असते, याचा विचार छत्तिसाव्या नियमात कोठेही आढळत नाही.