हौदातलं शिलाई मशीन

जॉन हर्सीच्या ‘हिरोशिमा’मधली एक गोष्ट मला फार आवडते. तो वाद घालत नाही. ऑगस्ट १९४६ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’ साप्ताहिकानं अख्खा अंक या एकाच लेखनाला दिला. बॉम्बमधून वाचलेली सहा माणसं त्या सकाळी सव्वाआठला काय करत होती आणि पुढे त्यांचं काय झालं, एवढंच त्यात आहे. त्यातली हात्सुयो नाकामुरा माझ्या मनातून जात नाही. शिंप्याची विधवा, पदरात तीन लहान मुलं आणि पोटापाण्याला नवऱ्याचं शिलाई मशीन. घर कोसळतं, ती मुलांना ढिगाऱ्यातून ओढून काढते आणि पळण्याआधी ते मशीन दारापुढच्या सिमेंटच्या हौदात बुडवते. पुढे ते गंजलेलं सापडतं. १९८५ मध्ये हर्सीनं नवं प्रकरण जोडलं. त्यात कळतं, की उपचाराच्या खर्चासाठी तिला ते विकावं लागलं. संसार सांभाळणाऱ्या बाईला यावर वेगळं भाष्य लागत नाही.

तरी मेरी मॅकार्थी या अमेरिकन लेखिकेनं तेव्हाच एक आक्षेप घेतला होता, की हर्सीनं बॉम्बला नैसर्गिक आपत्तीसारखं केलं. मला तो पटतो. भूकंपाला कोण जाब विचारणार? पुस्तकात सोसणारी माणसं आहेत, ठरवणारी नाहीत.

ठरवणारा भेटतो हेन्री स्टिमसन यांच्या लेखात. ते अमेरिकेचे युद्धमंत्री होते. फेब्रुवारी १९४७ च्या ‘हार्पर्स’मध्ये त्यांनी शांतपणे आपली बाजू मांडली. जपानवर स्वारी करावी लागली असती, तर मेलेले आणि जखमी मिळून एकट्या अमेरिकन सैन्याचाच आकडा दहा लाखांवर जाईल असं त्यांना सांगण्यात आलं होतं. हा मुद्दा झटकून टाकू नये. ओकिनावाची भयानक लढाई नुकतीच झाली होती. जपाननं व्यापलेल्या देशांत माणसं रोज मरत होती. नाकामुराचा नवराही सिंगापूर जिंकायला गेलेल्या सैन्यातच होता, आणि तिथेच मेला.

पण त्याच लेखात स्टिमसन सांगतात, की क्योतोचं नाव त्यांनी यादीतून काढून टाकलं, कारण ती जुनी राजधानी आणि कलेचं, संस्कृतीचं तीर्थस्थान. इथं मी थबकले. म्हणजे निवड करता येत होती! जुन्या वास्तूंसाठी हात आवरता आला, माणसांसाठी तो आवरला नाही. लेखकाला हे लिहिताना काहीच खटकलेलं दिसत नाही, आणि लेखाचा खरा कमकुवतपणा मला इथं दिसतो.

आपल्याकडे श्रावकाला हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. आरंभी आणि उद्योगी हिंसा चुलीपाशी, शेतात, धंद्यात होते. ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. चालून आलेल्याला परतवताना होते ती विरोधी. तिचाही त्याग त्याच्यावर बंधनकारक नाही. मारायचं असं ठरवून केलेली संकल्पी हिंसा मात्र वर्ज्यच. स्टिमसन यांचा सगळा युक्तिवाद विरोधी हिंसेचा आहे. लढणाऱ्या सैनिकावर झाडलेली गोळी त्यात बसेलही. हिरोशिमात लष्कराचं मुख्यालय होतं, हेही खरं. पण नेम धरला होता शहराच्या मधल्या पुलावर, आणि राज्यकर्त्यांना जबर धक्का द्यायचा हा हेतू ते स्वतःच सांगतात. धक्का द्यायला घरातली बायका-मुलं वापरली, तर तो संकल्पच झाला.

१९५६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ ट्रुमन यांना मानद पदवी देत होतं, तेव्हा एलिझाबेथ ॲन्स्कम या तत्त्वज्ञ बाईंनी विरोध केला. त्याही याच निष्कर्षाला आल्या होत्या: निरपराधांना मारणं हेच साधन केलं, तर तो खून. विरोध उपयोगी पडला नाही, पदवी दिली गेली.

मला विचाराल तर आधी स्टिमसन वाचावेत, मग हर्सी. नुसता हर्सी वाचला तर डोळे भरून येतात आणि आपण पुस्तक मिटतो. स्टिमसन आधी वाचले, की नाकामुराच्या घराशी पोचेपर्यंत हा निर्णय कुणी आणि कशासाठी घेतला ते आपल्याला माहीत असतं. मग नुसतं हळहळून भागत नाही.