पाव इंचाची दुमड

हत्ती गुलबक्षी आहे, त्याचा कान मोरपिशी. पाठीवर हिरव्या खणाची झूल, सोंडेच्या टोकाशी पिवळं फूल आणि डोळा म्हणून काळ्या दोऱ्याची एकच गाठ. वीतभर उंचीचा हा हत्ती जुन्या पांढऱ्या वायल साडीच्या दुपट्यावर मधोमध उभा आहे. दुपट्याच्या चारही कडांना बोटाच्या पेराएवढे लाल त्रिकोण एकमेकांना खेटून बसलेत. मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीत बारसं झालं, त्यात आलेल्या बाळंतविड्यातलं हे दुपटं. सोबत खणाच्या तुकड्यांची कुंची, झबलं, टोपरं आणि पाळण्यावर टांगायचं चिमणाळं. सगळं एका हातचं. शिवणाऱ्या काकू तळमजल्यावर ब्लाउज शिवतात, आणि बाळंतविड्याचं बहुतेक कापड त्यांच्या मशीनखालच्या कातरणाच्या पिशवीतून निघालेलं.

बारशाच्या दिवशी दुपटं हातोहात फिरलं. ‘किती गोड!’ झालं, ‘आजकाल एवढं कोण करतं?’ झालं, आणि ते पुन्हा परातीत गेलं. चिंध्यांच्या कामाचं कौतुक बहुधा इथेच थांबतं. कुणी काटकसर वाखाणतो, कुणी माया. दोन्ही खऱ्या, पण काटकसरीने आणि मायेने केलेला हत्तीसुद्धा डुकरासारखा दिसू शकतो. हा तसा दिसत नाही. त्याची कारणं मायेत सापडत नाहीत, ती कापडात शोधावी लागतात.

आधी आकार. ब्लाउज बेतला की कापडातून ठरावीक आकाराचेच तुकडे उरतात. गळ्यातून अर्ध्या पानासारखा गोलसर तुकडा निघतो, मुंढ्यातून चंद्रकोर, बाहीच्या दोन्ही अंगांना लांबट त्रिकोण. काकूंच्या पिशवीत हे आकार ढिगाने असतात. हत्तीचा कान म्हणजे कुणाच्या तरी ब्लाउजचा मागचा गळा आहे, थोडा वळवून लावलेला. सोंड मुंढ्याच्या चंद्रकोरीतून आली. पाठीचा बाकही मुंढ्याचाच, जरा मोठ्या मापाचा. चित्रकार रेघ काढतो आणि मग रंग भरतो. इथे निम्मी रेघ आधीच मारून झालेली असते, तीही दुसऱ्याच कामासाठी, कुणाच्या तरी खांद्याचा आणि मानेचा घेर सांभाळायला. अंगासाठी कापलेला बाक अंगासारखाच दिसतो, म्हणून हा हत्ती वजनदार वाटतो. मागचा गळा खोल ठेवायची फॅशन असली की काकूंच्या हत्तींचे कान मोठे होतात, ही त्यातली गंमत.

मग रंग. तुकडे बहुतेक टू बाय टू रुबियाचे आहेत. मुलुंडच्या बाजारातल्या कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये या कापडाचे ताके भिंतभर रचलेले असतात. साडी घेऊन आलेली बाई पदर उलगडते, दोन-तीन छटा घेऊन उजेडात जाते, परत येते, ‘याच्यापेक्षा एक टिपका गडद’ म्हणते. गुलबक्षी, राणी, रामा, मोरपिशी, अंजिरी, आमसुली, डाळिंबी ही सगळी रंगपेटी अशी कुणीतरी डोळे बारीक करून पारखून घेतलेली असते, आणि काकूंकडे तिचा चतकोर उरतो. रुबियाची खुबी फक्त रंगात नाही. उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना दुहेरी पिळाचं सूत असल्यामुळे हे कापड पातळ असूनही घट्ट असतं. दुमडलं की दुमड बसते आणि बोटाच्या नखाने दाबली तरी टिकते. सगळे तुकडे एकाच जाडीचे, म्हणून हत्तीच्या अंगावर कान बसतो तिथे उंचवटा जाणवत नाही.

झूल तेवढी खणाची. खण बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, बारीक बुट्ट्यांचा. हे कापड देखणं खरं, पण कात्री लागली की त्याची सुतं भराभर सुटतात. त्याला गोल कापणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. काकूंनी ते चौकोनीच ठेवलं, उभ्या-आडव्या धाग्याला धरून कापलं आणि चारही बाजू सरळ दुमडल्या. हत्तीच्या सगळ्या गोलाईत ही एकच सरळ रेघांची जागा आहे. डोळा तिथे बरोबर थांबतो. कापडाच्या खोडीतून रचनेची शिस्त आली, असं म्हणायला इथे जागा आहे.

आता या कामाचा खरा मुद्दा: कड. कापलेलं कापड उसवतं. एका कापडावर दुसऱ्या कापडाची आकृती टाचायची, तर तिची कड आत दुमडावीच लागते, साधारण पाव इंच. या पाव इंचाने सगळा खेळ ठरतो. बाहेरच्या गोलाईला दुमडीत कापड जास्त होतं, त्याच्या चुण्या पडतात, त्या सुईच्या टोकाने पसरून बसवाव्या लागतात. आतल्या गोलाईला उलट, कापड कमी पडतं आणि तणतं. तिथे कडेला बारीक काप द्यावे लागतात, आणि काप एक धागा जास्त गेला तर तिथूनच उसवायला सुरुवात. सोंड जिथे अंगाला मिळते तो कोन पाहा. दुपटं उजेडात धरलं तर गुलबक्षी कापडाआडून दुमडीची सावली दिसते आणि तिच्यात अगदी जवळजवळ दिलेले काप. वरून मात्र तिथे टाका दिसत नाही. दोरा त्याच गुलबक्षी छटेचा, टाका दुमडीच्या पोटातून निघून लगेच खाली गेलेला. दुपटं उलटं केलं की मागे हत्तीची सबंध रूपरेषा ठिपक्यांनी उमटलेली दिसते. ठिपक्यांमधलं अंतर पाठीच्या संथ बाकावर मोकळं आहे, सोंडेच्या वळणावर दाट. शिवणाऱ्या हाताला कुठे धोका वाटला, ते मागची बाजू सांगते. अशा कामाची पारख करणाऱ्याने आधी मागची बाजू बघावी.

सुळा बोथट आहे. मला तो आधी खटकला. विचारलं, “काकू, सुळा जरा टोकदार का नाही केलात?” त्या म्हणाल्या, “टोकाशी तिन्ही बाजूंची दुमड एकावर एक येते बघ. एक तर गोळा होतो, नाही तर आतलं कापड कमी करावं लागतं, मग दोन धुण्यांत उसवतं. आणि पोर तोंडात घालणार ते.” बोथट सुळ्यामुळे हत्तीच्या चेहऱ्यावर जो बाळसेदार भाव आला, तो त्यांनी मुद्दाम आणलेला नाही. कापडाला झेपेल तेवढंच मागायचं, या सवयीतून तो आपसूक आला.

हेच काम आज झटपटही होतं. मागे डिंक असलेलं फ्युजिंग इस्त्रीने चिकटवायचं, आकृती कापायची, मशीनवर कडेने दाट झिगझॅग मारायची. दुमडीची कटकटच नाही. टिकतंही ते चांगलं, वॉशिंग मशीनला डरत नाही. पण झिगझॅगची रेघ स्केचपेनने गिरवल्यासारखी चहूबाजूंनी सारखीच जाड येते. हाताने दुमडलेल्या कडेला किंचित उंची असते, तिची बारीक सावली पडते, आणि ती वळणागणिक बदलते. शिवाय फ्युजिंगने कापड ताठ होतं. तान्ह्या बाळाच्या गालाखाली येणाऱ्या वस्तूत तो ताठपणा मोठाच दोष आहे.

लाल त्रिकोणांच्या कडेसाठी मुलुंड स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला जावं लागतं. पूर्वेला मराठी वस्ती जशी दाट, तशी पश्चिमेला कच्छी आणि गुजराती. कच्छ-सौराष्ट्रात अशा टाचलेल्या कापडकामाला कटाब म्हणतात. लग्नातले चंदरवे, भिंतीवरचे चौकोनी चाकळे, दारावरची तोरणं, बैलांच्या झुली यांवर कटाबाचे हत्ती, मोर, फुलं असतात. कटाबात त्रिकोणांची किनार करायची एक नामी रीत आहे. सुटे त्रिकोण कापत बसायचं नाही. लांब पट्टीला ठरावीक अंतरावर काप द्यायचे आणि प्रत्येक कापाचे दोन्ही कोपरे आत वळवत जायचं. पट्टी एकसंध राहते आणि दात आपोआप तयार होतात. काकूंच्या दुपट्याची कड तशीच आहे. शेजारच्या मुलुंड कॉलनीत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं येऊन वसली. सिंधच्या रल्ली या गोधडीतही कापड घडी घालून कातरतात आणि उलगडून टाचतात. जाळीसारखी नक्षी उमटते. कारवारच्या वरच्या घाटातले सिद्दी लोक आपल्या गोधडीच्या कोपऱ्यांना घडीचे त्रिकोणी ‘फुला’ लावतात. ते नसतील तर गोधडी उघडी राहिली, असं मानतात. कापडाची कड मोकळी सोडायची नाही, ही सगळ्यांची गरज एकच. प्रत्येकाने तिचा दागिना मात्र निराळा घडवला.

आपली मराठी गोधडी यात जरा वेगळी पडते. तिच्यात चित्र कमी, जोड जास्त. जुन्या साड्यांचे थर, वरून ठिगळं, आणि सगळ्याला धरून ठेवणारा धावदोरा. तो कडेपासून सुरू होतो आणि चौकोनी फेऱ्या घेत आत जातो. या दुपट्यात काकूंनी दोन रीती एकत्र आणल्या आहेत. किनार कटाबाची, हत्ती टाचलेला, पण पांढऱ्या जमिनीवरचा धावदोरा अस्सल गोधडीचा. चौकोनी फेऱ्या हत्तीजवळ आल्या की वाकतात, त्याच्या अंगाला धरून जातात आणि पलीकडे पुन्हा सरळ होतात, ओढ्यात मोठा धोंडा असला की पाणी जातं तसं. पांढऱ्यावर पांढरा दोरा असल्याने ही ओळ लांबून दिसत नाही. हात फिरवला की कळते. सबंध दुपट्यातली ही मला सर्वांत सुंदर जागा वाटते, कारण इथे चित्र आणि जमीन यांची एकमेकांशी ओळख होते. नाही तर चिकटवलेल्या चित्रासारखा हत्ती उपरा राहिला असता.

बाळाच्या पांघरुणातून कलेच्या इतिहासाने वळण घेतल्याचं एक उदाहरण आहे. 1911 साली पॅरिसमध्ये सोनिया डेलोने या चित्रकर्तीने आपल्या नुकत्याच जन्मलेल्या मुलासाठी तुकड्यांचं पांघरूण शिवलं. लहानपणी शेतकऱ्यांच्या घरांत पाहिलेली तुकड्यांची पांघरुणं तिच्या मनात होती. जोडून झाल्यावर त्या रंगीत चौकोन-त्रिकोणांत तिला नव्या चित्रकलेची वाट दिसली, आणि पुढे तीच रीत तिने कॅनव्हासवर नेली. ते पांघरूण आज पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राच्या आधुनिक कलेच्या संग्रहात आहे. चित्र सोडून दिल्यावर नुसते रंग एकमेकांशी बोलू लागतात, हे त्या पांघरुणाने दाखवलं. आमच्या काकूंचा रस्ता उलटा आहे. त्यांना हत्ती हवाच असतो, कारण पोराला पुढे ‘हा कोण?’ म्हणून विचारायचं असतं. पण कान मोरपिशी ठेवताना त्यांनी हत्तीचा विचार केलेला नाही. गुलबक्षीला कोण पेलेल याचाच केलाय.

बाळंतविड्यातल्या बाकीच्या वस्तू थोडक्यात. कुंची सुरेख आहे. खणाचे त्रिकोण जोडून डोक्याचा भाग, खाली चुणीदार घेर, आणि आतून मऊ मलमलीचं अस्तर. त्यामुळे खणाच्या खरखरीत कडा दोन थरांमध्ये बंद झाल्या आणि बाळाच्या टाळूला काही लागत नाही. चिमणाळ्यातल्या चिमण्या उलट्या शिवून सुलट केलेल्या, आत कापूस. त्यांच्या चोची मात्र नीट टोकदार निघाल्यात, कारण तिथे दुमड नाही, शिवण आहे. टोपरं साधं. झबल्यावर मात्र विकतच्या कार्टूनचा तयार तुकडा इस्त्रीने चिकटवलाय. तो फसला. त्याचे रंग छापील, कड ताठ, आणि शेजारच्या हत्तीसमोर तो फार ओरडतो. सोंडेशी असलेलं पिवळं फूलही गर्दीत बसलंय. दुमडीला जागा न उरल्याने त्याच्या पाकळ्या जाड झाल्यात.

दुपटं पाहून बाळाच्या मावशीने सुचवलं, “फ्रेम करून घेऊ या का? खराब होईल.” बाळाच्या आजीनेही प्लास्टिकची पिशवी शोधायला घेतली. भेटीचा मान राखायची ही पद्धत मला पटत नाही. काकूंनी एवढा खटाटोप पाव इंच आत दुमडण्यासाठी केला, टाके वळणावर दाट घातले, सुळा बोथट ठेवला, तो कशासाठी? दुपटं ओलं व्हावं, पिळलं जावं, दोरीवर उन्हात वाळावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाळाखाली यावं, यासाठी. भिंतीवर लटकवायचं असतं तर कड चिकटवूनही भागलं असतं. या कामात देखणेपण आणि टिकाऊपण यांची जागा एकच आहे, ती दुमडीत. त्यामुळे असं दुपटं कुणी दिलं तर ते उलटं करून मागचे टाके बघा, देणारीला त्यांतला एखादा अवघड टाका नाव घेऊन दाखवा, आणि मग बिनधास्त वापरा. गुलबक्षीचा रंग थोडा उतरेल. हत्ती उतरणार नाही.