‘पुट अप विथ’ म्हणजे ‘चालवून घेणे’

आजचा विषय ऐकायला शाळकरी वाटेल. इंग्रजीतली दोन-तीन शब्दांची क्रियापदं: पुट ऑफ, गिव्ह अप, रन आऊट ऑफ, पुट अप विथ. इंग्रजीत यांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात. पण आपल्या या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात हा पोटापाण्याचा प्रश्न आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर बोलायचं आहे.

समजा, बदलापूरची एक मुलगी आहे. मराठी माध्यमात शिकली, बी.कॉम. झाली आणि परदेशी ग्राहकांचे फोन घेण्याच्या नोकरीला लागली. फोनवरचा माणूस चिडून म्हणतो, ‘आय ॲम नॉट गोइंग टू पुट अप विथ धिस.’ आता गंमत बघा. या वाक्यातला एकही शब्द तिला नवा नाही. पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर, विथ म्हणजे बरोबर. बेरीज केली तर काय येतं? ‘मी हे बरोबर वर ठेवणार नाही.’ तोच माणूस ‘टॉलरेट’ म्हणाला असता, तर तिला लगेच कळलं असतं. म्हणजे अवघड शब्द सोपा आणि सोपे शब्द अवघड, असा हा उलटा प्रकार आहे. आणि तिला ते कळलं नाही की शेरा काय बसतो? ‘इंग्रजी कच्चं आहे.’ माझं म्हणणं असं की, कच्चं तिचं इंग्रजी नाही, कच्ची आपली शिकवण्याची पद्धत आहे.

ही अडचण काही आजची नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी कोश काढला, तेव्हाच प्रस्तावनेत त्याने लिहून ठेवलं की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत परक्या माणसाला सगळ्यात जास्त छळते. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडली. आपलं इंग्रजी आलं कचेरीतून, कायद्यातून, क्रमिक पुस्तकातून. त्यामुळे ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘डिस्कंटिन्यू’ हे आपल्या ओळखीचे. घरात, दुकानात, फोनवर बोललं जाणारं ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘गिव्ह अप’ मात्र अनोळखी. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. वर्षं वाढली, पण ही दरी काही आपोआप बुजली नाही.

मग क्लासवाले काय करतात? यादी देतात. आपल्या तिन्ही स्टेशनांच्या बाहेर इंग्लिश स्पीकिंगच्या पाट्या आहेत, आणि तिथल्या झेरॉक्स नोट्सचा साचा ठरलेला असतो. ‘गेट’ची वीस रूपं, ‘पुट’ची पंधरा, ‘टेक’ची अठरा. समोर एकेक मराठी अर्थ, आणि पाठ करा. या यादीवर माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप प्रमाणाचा. गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी २००७ मध्ये ब्रिटिश इंग्रजीच्या दहा कोटी शब्दांच्या संग्रहात ही क्रियापदं मोजली. अवघी २० क्रियापदं आणि ८ छोटे शब्द यांच्या जोड्यांनीच निम्म्याहून जास्त वापर व्यापलेला निघाला. म्हणजे ओझं वाटतं तेवढं नाही. पण पहिल्या शंभर जोड्यांना सरासरी पाचाहून अधिक अर्थ होते. यादी मात्र एका जोडीला एकच अर्थ देते. ‘टेक ऑफ’ म्हणजे विमान उडणे, एवढंच पाठ केलेल्या माणसाला ‘टेक ऑफ युअर शूज’ ऐकल्यावर काय वाटेल?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ही यादी विद्यार्थ्याला असं भासवते की हा इंग्रजीचा काहीतरी विचित्र, बिननियमाचा प्रकार आहे आणि तुझ्या भाषेत असलं काही नाही. हे साफ चूक आहे. आहे ना! मराठीच्या तासाला आपण काय शिकलो? संयुक्त क्रियापद. धातुसाधित अधिक सहायक क्रियापद. मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त क्रियापदांची केवढी बारीक चिकित्सा केली आहे. पण मराठीचा तास संपला, इंग्रजीचा सुरू झाला, की मधलं दार बंद.

ते दार उघडून बघू. ‘खाऊन टाक.’ यात टाकायचं काय आहे? काहीच नाही. ‘टाक’ इथे फेकणं सांगत नाही, ते काम पुरं करणं सांगतं. आता इंग्रजी घ्या: ईट अप, ड्रिंक अप, टेअर अप, यूज अप. यातलं ‘अप’ वर जात नाही, तेही काम पुरं करतं. खाऊन टाक, पिऊन टाक, फाडून टाक, वापरून टाक. पुढे चला. राइट डाऊन: लिहून ठेव. थ्रो अवे: फेकून दे. रन अवे: पळून जा. गिव्ह अप: सोडून दे. आणि हे एकट्या मराठीचं वैभव नाही. उल्हासनगरात फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, लष्करी छावणीचं १९४९ साली गाव झालं. इथल्या वर्गात मराठी, सिंधी, हिंदी बोलणारी मुलं शेजारी-शेजारी बसतात आणि या तिन्ही भाषांत ही रीत आहे. म्हणजे शिक्षकाला भांडवल आयतं मिळालेलं आहे.

आता तीन शब्दांकडे येऊ, कारण विद्यार्थी गडबडतो तो तिथेच. ‘पुट अप विथ’ला मराठीत काय म्हणाल? सहन करणे? ते पुस्तकी झालं. घरात आपण म्हणतो, चालवून घेणे. ‘मेक डू विथ’? भागवून घेणे. ‘गेट अलाँग विथ’? जमवून घेणे. बघा, एका ‘घेणे’भोवती आपलं अख्खं कुटुंब उभं आहे, तसंच त्यांचं ‘विथ’भोवती. आणि हे ‘विथ’ म्हणजे तरी काय? सासूशी जमवून घे, शिळ्या भाकरीवर भागवून घे. हा ‘शी’, हा ‘वर’. तिसरा शब्द म्हणजे पुढच्या नामाला आपण लावतो तो प्रत्यय, दुसरं काही नाही.

हे एकदा कळलं की एक नेहमीची चूकही सुटते. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ असं ईमेलच्या शेवटी किती जण लिहितात! हवं असतं ‘मीटिंग यू’. का? नियम सांगून डोक्यात बसत नाही. मराठीत बोलून बघा: ‘भेटण्याची वाट पाहतोय.’ आपण ‘भेट वाट पाहतोय’ म्हणतो का? ‘भेटणे’चं आधी नाम होतं, मग त्याला ‘ची’ लागतो. इथला ‘टू’ म्हणजे तो ‘ची’.

आणखी एक. ‘पुट इट ऑफ’मध्ये ‘इट’ मध्येच घुसतो, हे मुलांना खटकतं. पण ‘देऊनच टाक’, ‘सांगून तर बघ’ यात आपला ‘च’ आणि ‘तर’ कुठे घुसतात? तिथेच. तीन शब्दांच्या जोडीत मात्र ‘इट’ शेवटीच येतो: पुट अप विथ इट. प्रत्यय नामाला चिकटून राहणार, हे उघडच आहे.

आता कोणी म्हणेल, हे तर भाषांतरच झालं, आणि इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवा असं सगळे सांगतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आधीच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, तिला आज जुनाट म्हणायची पद्धत आहे. त्या पद्धतीने बोलणं आलं नाही, ही टीका मला मान्य आहे. पण दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची तिची दृष्टी टाकाऊ नव्हती. धोका आहे तो वेगळाच. जुळणी सगळीकडे होत नाही. ‘टेक आफ्टर’ म्हणजे ‘वर जाणे’, आईवर गेली आहे म्हणतो तसं. ते तेवढंच, सुटं लक्षात ठेवावं लागतं. १९८९ मध्ये हुलस्टाइन आणि मार्केना यांना डच विद्यार्थ्यांत असंही दिसलं की काही जोड्या आपल्या भाषेसारख्या फार वाटतात, म्हणूनच ते त्या टाळतात. तेव्हा मराठीचा आधार घ्यायचा तो कान तयार करायला. कोश म्हणून नाही.

शेवटी चुकांबद्दल. ‘कोप अप विथ’ म्हटलं की हसायचं, ही आपल्याकडची आवडती करमणूक आहे. पण ती चूक येते कुठून? कीप अप विथ, कॅच अप विथ, पुट अप विथ ऐकलेल्या माणसाने स्वतः नियम बांधला आणि पुढे चालवला. मेंदू काम करतोय याचीच ती खूण आहे. ‘अप’ काढ, एवढं सांगायचं आणि पुढे जायचं. ‘गेट डाऊन’चंही तसंच. आपण गाडीतून उतरतो, म्हणून ‘डाऊन’ सुचतं. अंबरनाथच्या फलाटावर ते सगळ्यांना कळतं. लंडनच्या माणसाशी बोलताना ‘गेट ऑफ’ म्हणा, झालं.

तर शिक्षक मंडळींना माझी विनंती एवढीच: यादी वाटण्याआधी मुलांना विचारा, ‘हे तुम्ही घरी कसं म्हणता?’ आणि शिकणाऱ्यांनी एक वही करावी. रोज कानावर पडलेली एकच जोडी, ती ज्या वाक्यात ऐकली त्या वाक्यासकट, आणि खाली घरातलं मराठी, सिंधी, हिंदी, जे असेल ते वाक्य. त्या बदलापूरच्या मुलीला ‘टॉलरेट’ येत होतं आणि ‘चालवून घेणार नाही’ हेही येत होतं. या दोहोंच्या मध्ये तीन छोटे शब्द होते. ते तिला कुणी जोडून दाखवले नव्हते.