दोन काट्यांचे वाचन

राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे आहे. गावातून चोरदरवाज्याची वाट पद्मावती माचीकडे चढते आणि गुंजवणी नदीचे पाणी डोंगर सोडून नीरेकडे उतरते. या खोऱ्यात नदीला इंजिन-पंप लावणारा शेतकरी बिघाडाची तक्रार दोन वेगळ्या वाक्यांत करतो. "इंजिन पळतंय, पण पाणी फेकत नाही," हे एक. "इंजिनच दम धरत नाही," हे दुसरे. पहिले वाक्य तोंडातून निघाले की तो पाण्यात उतरून फूटव्हॉल्व्हची जाळी चाचपतो, पाइपाच्या सांध्यातून हवा धरते आहे का ते पाहतो. दुसरे निघाले की तो डिझेलच्या फिल्टरपाशी बसतो. दोन इंजिनांच्या जेट बोटीत ताकद कुठे हरवली, या शोधाचे सारे सौंदर्य मला या दोन वाक्यांत दिसते.

कारण जेट बोट म्हणजे तरंगता पंपच. तळाच्या जाळीतून पाणी आत घ्यायचे, इम्पेलरने त्याला जोर द्यायचा आणि मागच्या निमुळत्या तोंडातून फेकायचे. पाणी मागे सुटते, बोट पुढे. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात ही रचना तिकडच्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी विकसित केली. अशा पात्रात बाहेर लोंबणारा पंखा दगडावर आपटून मोडतो. जेटचे सगळे अवयव बोटीच्या पोटात सुरक्षित राहतात. १९६० मध्ये हॅमिल्टन यांच्या जेट बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडोच्या प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. १९७७ मध्ये एडमंड हिलरी गंगासागरहून जेट बोटींनीच हिमालयाकडे निघाले आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्याने अडवेपर्यंत गंगेच्या पाण्यावरून चढत राहिले. आज आपल्या तटरक्षक दलाच्या ४५ नॉट वेगाच्या इंटरसेप्टर बोटीही वॉटरजेटवरच धावतात. अशा बोटीचे एक इंजिन मंदावले, तर नेमके काय वाचायचे?

वाचायचे ते समोरचे दोन काटे. प्रत्येक इंजिनाचा फेऱ्या दाखवणारा एक. बोट मोकळ्या पाण्यात आणून दोन्ही थ्रॉटल पूर्ण उघडायचे आणि नजर काट्यांवर ठेवायची. एका इंजिनाचा काटा नेहमीच्या आकड्याखाली अडला, तर इंजिन दम धरत नाही. काटा नेहमीपेक्षा वर गेला आणि बोट मात्र ओढेना, तर इंजिन धडधाकट आहे, पंपाला पाण्याची पकड मिळत नाही. दोन्ही काटे जागेवर असून बोट जड चालत असेल, तर तळात साचलेले पाणी किंवा वाढलेले ओझे पाहावे. एकही नट न उघडता बिघाडाचे घर ठरते.

पंख्याच्या बोटीत हे वाचन इतके निर्मळ नसते. तिथे माणसे वाढली, वारा आडवा आला की बोट मंदावते, पंख्यावरचा भार वाढतो आणि काटा उतरतो. दोष इंजिनाचा की ओझ्याचा, ते कळत नाही. जेटच्या इम्पेलरवरचा भार मात्र बोटीच्या वेगावर फारसा अवलंबून नसतो. बोटीत दोन माणसे असोत वा आठ, पूर्ण थ्रॉटलला धडधाकट इंजिनाचा काटा जवळपास त्याच आकड्यावर येऊन थांबतो. म्हणून जेट बोटीतला काटा ही साक्ष मानता येते.

या साक्षीचा अर्थ लावताना एक गणित लक्षात ठेवावे लागते आणि माझ्या मते या शोधातली सर्वांत देखणी जागा तीच आहे. पंप फिरवायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. समजा, पूर्ण थ्रॉटलला ७,००० फेऱ्या देणारे इंजिन ६,३०० वर अडले. नजरेला घट दहाच टक्क्यांची दिसते. पण ०.९ चा घन ०.७२९. म्हणजे इंजिनाने सत्तावीस टक्के शक्ती गमावली आहे, एक चतुर्थांशाहून अधिक. काट्याची ती बोटभर घसरण "चालायचंच" म्हणून सोडणारा आणि तिथेच थांबणारा, यांच्यातला फरक या घनात आहे.

आता जोडीकडे वळू. भाताच्या खाचरात चिखलणीला जुंपलेल्या जोडीतला एक बैल मागे पडला की जू तिरपे होते. औतामागच्या माणसाला बैलांकडे पाहावेही लागत नाही, हाताला कळते. जुळ्या जेटमध्येही बोट दुबळ्या बाजूला ओढ खाते आणि सुकाणू धरलेल्या हाताला ते आधी जाणवते. पण जोडीचा खरा उपकार पुढे आहे. त्याच बनावटीचे, तेवढ्याच वयाचे, त्याच पाण्यात चालणारे एक निरोगी इंजिन आजारी इंजिनाच्या शेजारी उभे असते. दोन्ही इंजिने एकाच वेळी मंदावली, तर संशय दोघांच्या सामाईक गोष्टींवर जातो: टाकीतल्या पेट्रोलात पाणी उतरले का, टाकीचा हवा घेण्याचा मार्ग बुजला का. एकच मंदावले, तर त्याचे स्वतःचे फिल्टर, इंधनपंप, प्लग, कॉइल.

इथे अदलाबदलीची युक्ती येते. उजव्या इंजिनाचा कॉइल डावीकडे, डावीकडचा उजवीकडे. दुखणे कॉइलबरोबर पलीकडे गेले, तर कॉइल दोषी. जागेवरच राहिले, तर कॉइल निर्दोष. एका वेळी एकच भाग बदलायचा, ही या रीतीची शिस्त. तीन भाग एकदम बदलून बोट पळू लागली, तर ती दुरुस्त होते, पण बिघाड समजत नाही आणि दोन चांगले भाग विनाकारण बाद होतात.

मात्र पंप आणि इंजिन या दोन घरांमध्ये एक खिडकी आहे, ती विसरून चालत नाही. अनेक लहान जेट बोटींमध्ये इंजिन थंड करणारे पाणी जेट पंपाच्या दाबातूनच येते. तळाच्या जाळीला प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळाचा पुंजका चिकटला की पंप हवा धरतो, मागची धार घट्ट राहण्याऐवजी पांढरी, फेसाळ होते. तोच अडथळा थंड पाण्याची वाटही आवळतो. इंजिन तापते, त्याचा संगणक जीव वाचवायला फेऱ्या बांधून टाकतो आणि काटा खाली अडतो. दिसते इंजिनाचे दुखणे, मूळ जाळीवरच्या पिशवीत. म्हणून जाणता माणूस काट्याबरोबर बाजूने पडणारी थंड पाण्याची धारही पाहतो. धार बारीक असेल, तर तो आधी जाळीकडे वळतो.

जाळी स्वच्छ असूनही इंजिन रिकामेच पळत असेल, तर इम्पेलर आणि त्याच्याभोवतीचे कडे तपासावे लागते. त्या दोघांतली फट मिलिमीटरच्या अंशाएवढी असते. वाळू, गाळ ओढला गेला की कडे झिजते, फट वाढते आणि जोर दिलेले पाणी तिथूनच मागे गळते. शेतातला जुना पंप हेच करतो. ज्याने झिजलेला इम्पेलर कधी हातात घेतला आहे, त्याला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी, १९१० मध्ये उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीने महाराष्ट्राच्या शेतात पंप नेले. त्या पंपांनी दिलेले ज्ञान आपल्या माणसांच्या बोटांत आहे. जेट बोट त्या ज्ञानाला परकी नाही.

इतके वाचन झाल्यावरच पाना उचलावा, आणि जाळीत हात घालण्यापूर्वी दोन्ही इंजिने बंद करून दोन्ही किल्ल्या खिशात ठेवाव्यात. एकच इंजिन आजारी आहे म्हणून दुसरे चालू ठेवून कुणी तळाशी हात घालू नये.

या शोधाबद्दलचा माझा निर्वाळा असा: त्याचे मोठेपण दुरुस्तीत नाही, नीट पाहण्यात आहे. पण पाहायला आधार लागतो. दोन्ही इंजिने हळूहळू एकत्रच थकत गेली, तर शेजारचा साक्षीदारही गप्प राहतो. मग उरते फक्त वही. म्हणून ज्यांच्या हाती अशी बोट आहे, त्यांना एवढीच विनंती की बोट निरोगी असेल त्या दिवशीच पूर्ण थ्रॉटलचे दोन्ही आकडे, तारीख घालून, लिहून ठेवा.