शटर नसलेलं दुकान

गिरगावात दुकान काढायची रीत ठरलेली. चाळीच्या तळमजल्याची रस्त्याकडची भिंत फोडायची, गाळा काढायचा, शटर बसवायचं. शटर पडलं की चाळीचा चेहराच झाकला जातो. जगन्नाथ शंकरशेठ रस्त्यावरून खोताच्या वाडीत शिरलं की मात्र ४७-ए क्रमांकाचं घर लागतं. श्रीला चॅटर्जी यांनी तिथे डिझाइनचं दालन थाटलंय. वस्तू बघायच्या, आवडली तर विकत घ्यायची, आणि हे सगळं घराच्या दारातून आत जाऊन.

हे जमतं, कारण वाडीतल्या घरांची बांधणीच तशी आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथले जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले आणि पोर्तुगीज वळणाची बैठी नि दुमजली घरं उभी राहिली. पुढे ओटा, मागे अंगण, वर कौलं. ओटा धड घरातला नाही, धड गल्लीतलाही नाही. पूर्वी शेजारी तिथे टेकायचे. आता गिऱ्हाईक तिथे क्षणभर थांबून आत जावं की नाही हे ठरवतं. काचेच्या शोकेसला ही सोय कधी साधलेली नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो वाडीतल्या घरांचा बाहेरचा जिना. माडीवर जायला खालच्या खोल्या ओलांडाव्या लागत नाहीत. म्हणजे खाली चार लोकांची ये-जा राहिली तरी वरच्या माणसांची दुपारची झोप मोडत नाही. घर आणि व्यवसाय एका छपराखाली नांदवायला याहून साधा उपाय मी पाहिलेला नाही. फॅशन डिझायनर जेम्स फरेरा यांनी याच वाडीतल्या आपल्या पिढीजात घरातून काम केलं, ते उगाच नव्हे.

आणि पागोळीपाशी ठोकलेली ती लाकडी झालर! नुसती नक्षी म्हणून बघू नये. वाशांची उघडी टोकं ती पावसापासून झाकते, आणि खाली निमुळत्या होत गेलेल्या तिच्या पाकळ्यांवरून पाणी थेंबाथेंबानं निथळून जातं. सुतारानं शोभा आणि काम एकाच फळीत कापून ठेवलंय.

एकेकाळी वाडीत ६५ घरं होती म्हणतात; आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. वारसा यादीत नाव असूनही ही गळती झाली. लाकडाला वाळवी लागते, कौलांची दरवर्षी शाकारणी करावी लागते, आणि जुनं काम जाणणारा सुतार स्वस्तात मिळत नाही. हा खर्च नुसत्या अभिमानावर निघत नाही, गल्ल्यातून निघू शकतो. म्हणून वाडीतल्या आणखी घरांत दुकानं यावीत असं मला मनापासून वाटतं. अट एकच, ओटा फोडायचा नाही आणि जिना आत घ्यायचा नाही.