ठरला म्हणजे? ठरवला कोणी?

दिवाळीच्या आधी दादांचा कन्नडहून फोन आला. दादा म्हणजे माझे वडील. मका आणि कपाशीच्या नुकसानीसाठी त्यांनी एक अर्ज केला होता, त्याचं उत्तर मोबाइलवर आलं होतं : ‘आपला अर्ज अपात्र ठरला आहे.’ दादांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं आणि विचारलं, “ठरला म्हणजे? ठरवला कोणी?”

कारण शोधून सांगतो म्हणालो. ते काही सापडलं नाही. पण दादांनी बोट बरोबर व्याकरणावर ठेवलं होतं, हे दोन दिवसांनी ऑफिसात लक्षात आलं. कारण तसली वाक्यं लिहिणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे.

‘अपात्र ठरणे’. एक विशेषण आणि त्याला धरून ठेवणारं एक क्रियापद. इंग्रजीत अशा जोड्या पावलोपावली भेटतात : लुक गुड, टेस्ट स्वीट, गो बॅड, कम ट्रू, फॉल इल, रन ड्राय. शाळेत या जोड्यांनी माझे मार्क खाल्ले. ‘द मँगो टेस्ट्स स्वीटली’ असं मी लिहिलं आणि त्यावर लाल फुली आली. क्रियापदाबद्दल सांगायचं तर शब्दाला ‘ली’ लावायचं, हे नुकतंच शिकवलं होतं. ‘शी सिंग्ज स्वीटली’ बरोबर, मग आंब्यानं काय घोडं मारलं होतं?

चूक का झाली ते आता कळतं. ‘तो चांगला गातो’ आणि ‘तो चांगला दिसतो’ ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. मराठीत दोन्हीकडे ‘चांगला’. ‘तो’च्या जागी ‘ती’ आली की दोन्हीकडे ‘चांगली’. इंग्रजी मात्र पहिल्या ठिकाणी ‘वेल’ मागते आणि दुसऱ्या ठिकाणी ‘गुड’. फरक मराठीतही आहे, फक्त शब्दाच्या रूपात दिसत नाही. तो बघायचा तर शब्द काढून टाकायचा. ‘तो गातो’ हे वाक्य तगतं. ‘तो दिसतो’ म्हटलं की अर्थच पालटतो. तो नजरेला पडतो, एवढंच उरतं. ‘आंबा गोड लागतो’मधला ‘गोड’ काढला, तर आंबा झाडाला लागतो की काय असं वाटेल. म्हणजे इथला ‘गोड’ चाखण्याच्या रीतीबद्दल बोलत नाही, आंब्याबद्दल बोलतो. वाक्याचं विधान त्याच्यावाचून पुरं होत नाही, म्हणून मराठी व्याकरणात त्याला विधानपूरक म्हणतात.

हा शब्द मला मराठीच्या तासाला शिकवला होता, पण इंग्रजीच्या तासाला कुणी त्याची आठवण काढली नाही. दोन तासांमध्ये पाच मिनिटांची घंटा होती, पण मधली भिंत पक्की होती. आपल्या इंग्रजी शिकण्याबद्दल माझी पहिली तक्रार हीच आहे : मराठीची मदत घेणं तिथं कमीपणाचं मानलं जातं.

दुसरी तक्रार जरा मोठी आहे. या जोड्यांमध्ये आपण विशेषण पाठ करतो आणि क्रियापदाकडे बघतच नाही. खरं मत मात्र क्रियापदात असतं. दूध ‘गो बॅड’, माणूस ‘गो मॅड’, पण स्वप्न ‘कम ट्रू’. इव्ह क्लार्क या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात यावर निबंध लिहिला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : जे नेहमीचं, रुळलेलं, बोलणाऱ्याला हवंसं, तिकडे वळणाऱ्या बदलाला इंग्रजी ‘कम’ लावते, तिथून लांब जाणाऱ्या बदलाला ‘गो’. जणू बोलणारा उंबऱ्यात उभा राहून बघतोय, कोण घरी येतंय आणि कोण घर सोडून चाललंय. नियम काटेकोर नाही. शर्टाचं बटण सैल झालं तरी इंग्रजी ‘कम लूज’ म्हणते. पण कल स्पष्ट आहे.

मराठी उंबऱ्यात उभी राहत नाही. तिच्याकडे ‘पडणे’ आहे. आजारी पडणे, थंड पडणे, फिकं पडणे, ओस पडणे, कमी पडणे, महाग पडणे. यादी वाचून वाटेल की पडणं म्हणजे वाईटच. पण मग ‘स्वस्त पडलं’, ‘सोपं पडतं’, ‘मुलगी पसंत पडली’ याचं काय करायचं? मला वाटतं, ‘पडणे’ बरं-वाईट सांगत नाही. जे घडलं ते आपल्या हातात नव्हतं, एवढंच सांगतं. पाऊस पडतो, विसर पडतो, तसाच माणूस आजारी पडतो. यात मोठी माया आहे. आजारी माणसाला कुणी ‘का पडलास’ म्हणून जाब विचारत नाही.

‘ठरणे’ वरून त्याच्यासारखंच दिसतं, पण ते वेगळं आहे. अंदाज खरा ठरतो, औषध गुणकारी ठरतं, तेव्हा ठरवणारा अनुभव असतो. अर्ज अपात्र ठरतो तेव्हा मात्र कुठंतरी कुणीतरी निकष लावलेला असतो, आणि क्रियापद त्याला पडद्याआड ठेवतं. पावसाची भाषा वापरून माणसाचा निर्णय सांगितला जातो.

इंग्रजी शब्दांनी मराठी बुडाली, अशी ओरड आपण नेहमी ऐकतो. ‘अपसेट झालो’, ‘फोन हँग झाला’, ‘टाइट केलं’. मला यात बुडण्यासारखं फारसं दिसत नाही. हे दार जुनं आहे. बंद, रद्द, मंजूर, जाहीर, तयार हे अरबी-फारसीतले शब्द याच दारानं आत आले. मागे होणे किंवा करणे लावलं की झाले मराठी. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, पुढे सावरकरांनी दिनांक, महापौर असे शब्द दिले आणि ते रुजले. तरीही अर्ज आजही ‘मंजूर’ किंवा ‘रद्द’च होतो. शब्द कुठून आला याची चौकशी आपण शंभर वर्षं करतोय. त्यापुढे ‘झाला’ आहे की ‘केला’, याची चौकशी कोण करणार?

ती मी माझ्यापासून केली. आमच्या अ‍ॅपच्या मराठी आवृत्तीत एक संदेश होता : ‘आपले खाते निष्क्रिय झाले आहे.’ खातं काही दुधासारखं आपोआप नासलेलं नव्हतं. १८० दिवस कुणी लॉगिन केलं नाही तर ते बंद करायचं, ही अट कोडमध्ये होती आणि ती मीच लिहिली होती. मी संदेश बदलला : ‘१८० दिवस वापर नसल्यामुळे आम्ही हे खाते बंद केले आहे.’ तपासून परत आला तेव्हा ‘आम्ही’ गेला होता आणि ‘केले’चं पुन्हा ‘झाले’ झालं होतं. ‘१८० दिवस’ तेवढे वाचले. निदान माणसाला कारण तरी कळतं. दादांना तेवढंही मिळालं नव्हतं.

मार्चमध्ये दादांचा पुन्हा फोन आला. म्हणाले, “विहीर यंदा लवकर कोरडी पडली.” आमच्या शिवारात गेल्या काही वर्षांत बोअर किती झाले ते मला माहीत होतं. मी गमतीनं विचारलं, “पडली, का पाडली?”

दादा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आपण पण एक मारलाच ना मागच्या साली.”